सयामच्या दरबारातील नगरची शिक्षिका

नोकरीसाठी परमुलखात गेलेल्या माणसाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची साधने बहुधा दोन ठिकाणी सापडतात. एक त्याच्या पगाराच्या नोंदीत, आणि दुसरे त्याने लिहिलेल्या पत्रांत. पहिल्यावरून त्याला काय मिळत होते हे कळते. दुसऱ्यावरून आपणांस काय मिळते असे तो लोकांस सांगत होता हे कळते. ह्या दोहोंमध्ये जे अंतर असते ते आम्हां बदलीच्या गावी राहणाऱ्यांस अपरिचित नाही. घरभाडे, मुलांच्या शाळेची फी आणि महिनाअखेरची ओढाताण ह्यांचा उल्लेख गावी जाणाऱ्या पत्रात आपण कितीसा करतो? ज्या बाईंची हकीगत येथे सांगावयाची आहे त्यांनी हे अंतर इतके वाढविले की त्याच्या दोन टोकांस दोन निरनिराळ्या स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांतील एक जगास ठाऊक आहे. दुसरी आपल्या नगरची आहे.

१८६२ सालच्या मार्च महिन्यात तीस वर्षांची एक विधवा स्त्री पाच वर्षांच्या मुलास बरोबर घेऊन आगबोटीने सिंगापुराहून बँकॉकला गेली. सात वर्षांच्या मुलीस तिने विलायतेतील शाळेत पाठविले होते. सयामचा राजा मोंगकुट ह्याच्या मुलांस व अंतःपुरातील स्त्रियांस इंग्रजी शिकवावयाचे आणि त्याबद्दल दरमहा शंभर डॉलर घ्यावयाचे अशी बोली होती. ॲना लिओनोवेन्स हे तिचे नाव. मार्गारेट लँडन ह्या अमेरिकन लेखिकेने १९४४ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, १९५१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याचे संगीत नाटक झाले, १९५६ साली त्या नाटकाचा चित्रपट झाला आणि घेरदार झग्यातील एक इंग्रज बाई टक्कल केलेल्या राजाबरोबर नाचते हे दृश्य जगभर गेले. वेल्समधील कार्नार्व्हन गावी जन्मलेली, क्रॉफर्ड घराण्यातील, कॅप्टनची मुलगी आणि मेजरची पत्नी, असा तिचा परिचय सर्वत्र दिला जात असे. हा परिचय तिने स्वतःच दिलेला होता आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द खोटा होता.

हे उघडकीस आले ते १९७६ साली, आणि आणले एका कोळीतज्ज्ञाने. कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. मासे धरणारा नव्हे. ब्रिस्टो नावाचे हे इंग्रज गृहस्थ कोळ्यांचे अभ्यासक होते. ॲनाच्या मुलाचे, लुईचे, चरित्र लिहावे असे त्यांच्या मनात आले आणि जन्माची नोंद शोधू लागताच त्यांच्या हाती काहीच लागेना. वेल्समध्ये ॲना क्रॉफर्ड नाही, लंडनमध्ये लुई नाही आणि सैन्याच्या यादीत मेजर लिओनोवेन्स नाही. शेवटी इंडिया ऑफिसातील जुनी दप्तरे चाळता चाळता, मुंबई इलाख्यातून दरसाल विलायतेस धाडल्या जाणाऱ्या बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदींत हे कुटुंब सापडले. ह्या नोंदी करणाऱ्या अज्ञात कारकुनांविषयी आम्हांस आपुलकी वाटते हे आम्ही लपवीत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणी येऊन पान उलटील ह्याची त्यांना कल्पना नसेल. तरी नाव आणि तारीख त्यांनी नीट लिहिली.

त्या नोंदींवरून आणि पुढे सूझन मॉर्गन व आल्फ्रेड हाबेगर ह्यांनी अनुक्रमे २००८ आणि २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रांवरून खरी हकीगत अशी दिसते. ॲना हॅरिएट एडवर्ड्‌स हिचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगर येथे झाला. ह्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पेशवाई बुडून तेव्हा तेरा वर्षे झाली होती आणि नगर ही कंपनी सरकारच्या फौजेची मोठी छावणी होती. बाप टॉमस एडवर्ड्‌स हा मूळचा लंडनचा, लाकडी सामानाची कारागिरी करणारा. सॅपर्स अँड मायनर्स ह्या पलटणीत सार्जंट म्हणून तो आपल्या मुलखात आला आणि मुलीचे तोंड पाहण्यापूर्वीच मरण पावला. आई मेरी ॲन ग्लॅस्कॉट ही मुंबईच्या फौजेतील एका लेफ्टनंटची मुलगी. ह्या लेफ्टनंटने विलायतेतून पत्नी आणल्याची नोंद नाही. मेरी ॲनची आई हिंदी किंवा मिश्र रक्ताची असावी असे अनुमान चरित्रकारांनी केले आहे आणि ते आम्हांस पटते. त्या आजीचे नाव मात्र कोणत्याच कागदावर आढळत नाही. ती मराठी बोलत होती काय, ह्याचे उत्तर द्यावयास कोणी उरलेले नाही.

पलटणीतील विधवेस बराकीतील जागा आणि शिधा फार काळ मिळत नसे. १८३२ च्या आरंभीच मेरी ॲनने पॅट्रिक डॉनोहो ह्या आयरिश शिपायाशी दुसरा विवाह केला, आणि पलटण जाईल तिकडे हे कुटुंब पश्चिम हिंदुस्थानात फिरत राहिले. थोरली बहीण एलायझा हिचे लग्न १८४५ साली गुजरातेत डीसा येथे लागले. मुंबईत भायखळ्याच्या ज्या शाळेत लष्करातील गोऱ्या बापांची मिश्र संतती शिकत असे, तेथे ॲनाचे शिक्षण झाले असावे असे मॉर्गन ह्यांचे म्हणणे आहे. १८४९ साली नाताळच्या दिवशी पुण्यात ॲनाचा विवाह टॉमस लिऑन ओवेन्स ह्या आयरिश तरुणाशी झाला. मधले नाव आणि आडनाव जोडून पुढे त्याचेच ‘लिओनोवेन्स’ झाले. हा टॉमस मेजर नव्हता. तो लष्करी पगार-कचेरीत कारकून होता, म्हणजे आमच्याच ज्ञातीतला!

ह्या कारकुनाने पुणे का सोडले ह्याचा कागद नाही; पण पुढचा क्रम पाहिला म्हणजे कारण समजते. कंपनीच्या राज्यात गोऱ्या समाजाच्या पायऱ्या फार काटेकोर होत्या. खालच्या पायरीवरच्या कारकुनास वर जाण्याचा मार्ग नव्हता, आणि मिश्र रक्ताच्या पत्नीसह तर नव्हताच. नव्या वसाहतींत माणसांची वाण होती, तेथे पूर्वपीठिका कोणी विचारीत नसे. १८५२ साली हे दांपत्य ॲनाच्या मामासह समुद्रपार निघाले. पहिली मुलगी सेलिना त्याच वर्षी वारली होती. सिंगापुराहून ‘अलिबाय’ ह्या गलबतातून ऑस्ट्रेलियाकडे जाताना प्रवास लांबला आणि बोटीवरच ॲना प्रसूत झाली. मार्च १८५३ मध्ये किनारा दृष्टीस आला तेव्हा गलबत खडकावर आपटता आपटता वाचले. पर्थला उतरल्यावर मामाला व नवऱ्याला वसाहतीच्या सरकारात कारकुनी मिळाली. ॲनाने मुलींसाठी शाळा काढून पाहिली. बोटीवर जन्मलेला मुलगा वर्षभराचा होऊन गेला. १८५४ मध्ये ॲव्हिस ही मुलगी झाली. पुढे नवऱ्याची नेमणूक लिंटन येथे झाली. पर्थच्या उत्तरेस शेकडो मैलांवर, शिशाच्या खाणीस मजूर पुरविण्यासाठी उभारलेला तो बंदिवानांचा तळ होता, आणि तेथील कोठाराची व्यवस्था पाहण्याचे हे काम. त्या ओसाड जागी १८५६ च्या ऑक्टोबरात लुईचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी तळ उठला. बदलीच्या गावाची कचेरीच बंद झाल्यावर कारकुनाची काय दशा होते हे सांगावयास नको. १८५७ च्या एप्रिलमध्ये कुटुंबाने पुन्हा बोट धरली आणि सिंगापूरमार्गे ते पिनांगला आले. टॉमस तेथे एक हॉटेल चालवू लागला आणि १८५९ साली झटका येऊन मरण पावला. वाघाच्या शिकारीत ऊन लागून मेजरसाहेब गेले, ही कथा नंतरची.

सत्तावीस वर्षांची विधवा, दोन लहान मुले, जवळ पैसा नाही. अशा स्त्रीला त्या काळी तीन वाटा होत्या: दुसरा नवरा, आप्तांचा आश्रय किंवा शिकवणी. आईने पहिली वाट धरली होती. ॲनाने तिसरी धरली. सिंगापुरात तिने इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली, म्हणजे आपल्या भाषेत ती ‘बाई’ झाली. तेव्हा ह्यापुढे आम्हीही त्यांस बाईच म्हणू. सिंगापूर व पिनांग ह्यांचा कारभार १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाती होता. म्हणजे पुणे, मुंबई, नगर येथे ज्या पायऱ्या होत्या त्याच तेथेही होत्या. कारकुनाची विधवा, तीही नगरच्या छावणीत वाढलेली, हे कळले असते तर अधिकाऱ्यांनी आपली मुले त्या शाळेत घातली नसती. वेल्समधील जन्म, कॅप्टन वडील आणि मेजर पती ही सर्व माणसे त्या एका-दोन वर्षांत जन्मास आली. आम्हांस ह्या असत्याचा विटाळ वाटत नाही. बाईंजवळ विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांचे इंग्रजी; आणि बाजारात इंग्रजीचा भाव ते कोणाच्या तोंडातून येते ह्यावर ठरत होता. शिकविण्याची योग्यता तीच, अक्षर तेच, व्याकरण तेच. केवळ जन्मगाव बदलल्याने पोटाची सोय होत असेल तर दोष बाईंचा किती आणि भाव ठरविणाऱ्यांचा किती, ह्याचा निवाडा वाचकांनी करावा.

तथापि ह्या सोयीची किंमत लहान नव्हती. आई हयात होती, बहीण हयात होती, आणि बाईंनी त्यांच्याशी सर्व संबंध तोडला. पुण्यास पत्र टाकावे तर पुणे हे आपले कोणी लागते हे कबूल करावे लागते.

इकडे बँकॉकमध्ये राजालाही एक अडचण होती. मोंगकुट १८५१ साली सिंहासनावर आला तेव्हा त्याचे वय शेहेचाळीस होते आणि त्यापूर्वीची सत्तावीस वर्षे त्याने भिक्षू म्हणून विहारात काढली होती. पाली तर तो जाणत होताच, परंतु लॅटिन, इंग्रजी आणि ज्योतिर्गणित ह्यांचाही त्याने व्यासंग केला होता. पश्चिमेस ब्रह्मदेशाचा किनारा इंग्रजांनी गिळला होता, पूर्वेस फ्रेंच येत होते. १८५५ साली बाऊरिंगशी करार करून त्याने व्यापाराचे दरवाजे आपण होऊन उघडले, कारण ते दुसऱ्याने फोडले तर काय होते हे चीनच्या अनुभवावरून त्यास दिसले होते. आपल्या मुलांस इंग्रजी आले पाहिजे हा त्याचा निश्चय राज्यरक्षणाचा भाग होता. प्रथम त्याने अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायकांस अंतःपुरात शिकवावयास बोलाविले. त्यांनी मुळाक्षरांबरोबर येशूचा उपदेशही सुरू केला आणि काही वर्षांनी ते वर्ग बंद पडले. ह्यावर राजाने जो उपाय योजिला तो आम्हांस फार मुत्सद्दीपणाचा वाटतो. त्याने मिशनरी नसलेली शिक्षिका शोधावयास सांगितली, आणि बाईंना पाठविलेल्या पत्रात स्पष्ट लिहिले की इंग्रजी भाषा, शास्त्रे आणि वाङ्मय शिकवावे, धर्मांतराच्या भानगडीत पडू नये. इंग्रजी घ्यावयाचे आणि इंग्रजी घेताना स्वतःस द्यावयाचे नाही, हा विवेक त्याच काळात आपल्याकडील किती संस्थानिकांनी दाखविला हे तपासण्यासारखे आहे.

हा व्यवहार सिंगापुरातील सयामचे वकील तान किम चिंग ह्या चिनी व्यापाऱ्यामार्फत झाला. बाईंची मागणी दीडशे डॉलरची होती. राजवाड्यात किंवा त्याच्या जवळ घर देऊ, मग शंभर पुरेत, असे राजाचे म्हणणे पडले आणि शंभरावर सौदा ठरला. त्या काळच्या चलनाच्या मानाने ही रक्कम सव्वादोनशे रुपयांच्या आसपास होते. पुण्याच्या पगार-कचेरीतील कारकुनाच्या मानाने ही चांगली कमाई. परंतु त्यातून मुलीच्या विलायती शाळेचा खर्च भागवावयाचा, स्वतःचा पोशाख ‘मेजरच्या विधवे’स शोभेल असा ठेवावयाचा आणि पाठीमागे काही शिल्लक टाकावयाची. एकदा उच्च कुळ सांगितले की त्याचा खर्चही करावा लागतो. खोट्या कुळास तर अधिकच करावा लागतो. बरोबर फारसी शिकविणारे मुनशी, त्यांची हिंदुस्तानी पत्नी बीबी आणि बेसी नावाचे थोराड कुत्रे एवढा परिवार होता. ज्या हिंदुस्थानाशी आपला काही संबंध नाही असे भासवावयाचे होते, त्याच हिंदुस्थानच्या बोलीचा आवाज बाईंच्या घरात रोज होत असला पाहिजे.

बँकॉकला पोहोचल्यावरची हकीगत बाईंनी १८७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे आणि बदलीच्या गावी रात्री-अपरात्री उतरलेल्या कोणाही नोकराने ती वाचावी अशी आहे. धक्क्यावर उतरवून घेण्यास राजाकडून माणूस नाही, रात्री राहावयास जागा नाही. बंदरावरील एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या घरी नेले म्हणून निभावले. मग काही काळ मुख्य प्रधानाच्या वाड्यात पाहुण्यासारखे राहणे झाले. ठरलेल्या घराचे नाव कोणी काढीना. अखेर घर म्हणून जे दाखविले ते मासळी-बाजाराजवळच्या घाणेरड्या गल्लीतले. बाईंनी ते नाकारले आणि पुन्हा तगादा आरंभिला. पुष्कळ दिवसांनी राहण्याजोगी जागा मिळाली. बोलीतील शब्द आणि प्रत्यक्ष ताबा ह्यांच्यामध्ये जो काळ जातो त्याचा अनुभव असणाऱ्यांस ह्या प्रकरणातील तपशील अतिशयोक्तीचा वाटणार नाही, मग बाईंच्या इतर लिखाणाविषयी मत काहीही असो.

शाळा राजवाड्याच्या आवारातील एका मंदिरात भरे. लांब मेजांवर वेब्स्टरची शब्दलेखनाची पुस्तके मांडलेली असत आणि त्यांवर निरनिराळ्या राण्यांची मुले ओणवी झालेली. राजाची एकूण संतती ब्याऐंशी. अर्थात सर्वच बाईंच्या वर्गात नव्हती. त्यांत आठ वर्षांचा युवराज चुलालोंगकोर्न होता आणि त्याच वर्गात बाईंचा लुईही राजपुत्रांबरोबर वावरत होता. शाळेचे तास संपले की दुसरे काम सुरू होई. राजास इंग्रजी पत्रव्यवहाराची आवड आणि गरज दोन्ही होती. परदेशी राजे, वकील, व्यापारी ह्यांस जावयाची पत्रे साफ करणे, मजकूर सुधारणे हे काम हळूहळू बाईंकडे आले. वेळी-अवेळी बोलावणे येई. काम वाढले, पगार शंभरावरच राहिला. वाढ मागितली असता राजा रुष्ट होई. शिक्षक म्हणून नेमावयाचे आणि चिटणिसाचे काम करून घ्यावयाचे, ही पद्धत एकट्या सयामची नाही.

पाच वर्षांनंतर, १८६७ च्या जुलैमध्ये, प्रकृतीसाठी रजा घेऊन बाई विलायतेस गेल्या. मुलीची भेट झाली, लुईला आयर्लंडमध्ये शाळेत घातले आणि अधिक पगारावर परत येण्याविषयी बोलणी चालू राहिली. ती संपण्यापूर्वीच राजाचा काळ आला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित मोंगकुटाने स्वतः केले होते. ते पाहण्यास तो पाश्चात्य पाहुण्यांसह दक्षिणेकडील वा को ह्या दलदलीच्या जागी गेला, तेथे हिवतापाने पछाडला आणि १ ऑक्टोबर रोजी वारला. स्वतःच्या गणिताने सिद्ध केलेल्या ग्रहणाने त्याचा बळी घेतला. पंधरा वर्षांच्या चुलालोंगकोर्नने बाईंस कृतज्ञतेचे पत्र पाठविले. परत येण्याचे आमंत्रण मात्र त्यात नव्हते. राजाने आपल्या मृत्युपत्रात बाईंची व लुईची आठवण ठेवली होती असे म्हणतात. हाती काही पडले नाही.

आता नोकरी गेली, राजा गेला, आणि मुलांचे शिक्षण अपुरे. बाई अमेरिकेस गेल्या, न्यूयॉर्कनजीक स्टेटन आयलंडवर मुलींची शाळा काढली आणि सयामच्या आठवणी लिहून विकू लागल्या. येथपर्यंत आम्ही बाईंच्या बाजूने उभे आहोत. ह्यापुढे तसे राहता येत नाही.

१८७० सालचे पहिले पुस्तक आणि विशेषतः १८७३ सालचे अंतःपुराविषयीचे दुसरे पुस्तक ह्यांत मोंगकुट क्रूर, लहरी आणि विषयलंपट झाला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध नुकतेच संपले होते; गुलामांच्या मुक्ततेची कथा तेथे हातोहात खपत होती, आणि दूरच्या पौर्वात्य वाड्यातील गुलाम स्त्रियांची तर अधिकच. बाईंनी मागणीप्रमाणे पुरवठा केला. राजवाड्याखाली भूमिगत कोठड्या आहेत असे त्या लिहितात. बँकॉकची भूमी पाणथळ, थोडे खणले तरी पाणी लागते, तेव्हा अशा कोठड्या टिकल्या कशा, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. एका राणीस तिच्या प्रियकर भिक्षूसह जाळल्याची जी कथा त्या सांगतात तिला सयामी कागदपत्रांत आधार सापडत नाही. ह्याच मोंगकुटाने राजपुत्रांच्या मातांखेरीज अंतःपुरातील इतर स्त्रियांस वाडा सोडून विवाह करण्याची मोकळीक दिली होती, हे मात्र वाचकास त्या पुस्तकांवरून समजत नाही. चुलालोंगकोर्नने १८७४ पासून १९०५ पर्यंत पायरीपायरीने सयाममधील गुलामगिरी नष्ट केली. तिचे मूळ आपल्या वर्गात होते असे बाई सुचवीत. शिक्षकास असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तीस वर्षे धीराने, सरदारांस न दुखविता कायदा पुढे नेणाऱ्या राजाचे श्रेय त्याच्या लहानपणच्या पंतोजीस देणे हा न्याय नव्हे.

जन्मगाव लपविण्यात कोणाची हानी नव्हती. झाली असली तर बाईंची स्वतःची. मेलेल्या राजावर राक्षसपण लादण्यात मात्र ज्या माणसाचे अन्न पाच वर्षे खाल्ले त्याची आणि त्याच्या देशाची बदनामी होती. दोन्हींस पोटाचेच कारण होते, म्हणून दोन्हींचा हिशेब एकाच पानावर मांडण्याची प्रवृत्ती होते. आम्ही तो दोन पानांवर मांडतो. १८९७ साली चुलालोंगकोर्न यूरोपच्या दौऱ्यात लंडनला आला तेव्हा बाई त्यास भेटल्या. आपल्या वडिलांविषयी असे का लिहिले, असे त्याने दुःखाने विचारले, असे बाईंच्या नातीने नमूद केले आहे. जे लिहिले ते खरे आहे, असे बाईंचे उत्तर होते. थायलंडने, म्हणजे पूर्वीच्या सयामने, १९५६ चा चित्रपट आपल्या देशात दाखवू दिला नाही, आणि १९९९ साली ह्याच कथेवर निघालेल्या नव्या चित्रपटासही बंदी केली. १९४८ साली सेनी व कुक्रित प्रमोज ह्या बंधूंनी मोंगकुटाचीच पत्रे पुढे ठेवून त्याचा खरा स्वभाव दाखविण्याचा प्रयत्न केला होता. ह्या दोघाही बंधूंनी त्या देशाचे पंतप्रधानपद भूषविले. परंतु पत्रांचे पुस्तक नाचगाण्याशी कोठवर झुंजणार!

बाईंचे तिसरे महत्त्वाचे पुस्तक १८८४ सालचे, आणि ते आपल्याकडचे आहे: रेल्वेपूर्व काळातील हिंदुस्थानच्या प्रवासाच्या आठवणी. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, येथील माणसे आणि चालीरीती आहेत. ज्या प्रदेशाची धूळ लहानपणी पायास लागली होती तो प्रदेश ही लेखिका विलायतेहून शाळा संपवून नुकत्याच उतरलेल्या मुलीच्या डोळ्यांनी पाहते आणि इंग्रज वाचकास दाखविते. नगरचे नाव जन्मगाव म्हणून येणे शक्यच नव्हते. तरीही इतर गोऱ्या प्रवाशांच्या लिखाणात जो तुच्छतेचा सूर असतो तो ह्या पुस्तकात पुष्कळ कमी आहे, आणि इंग्रज कुटुंबांच्या ऐषारामाविषयी बाई मधूनच कडवटपणे लिहितात. तो कडवटपणा बराकीतून आला असावा असे आम्ही समजतो.

पैशाची चिंता अखेर संपली ती मुलीच्या लग्नाने. १८७८ साली ॲव्हिसने टॉमस फाइश ह्या स्कॉटिश बँक-अधिकाऱ्याशी विवाह केला आणि बाई त्यांच्याबरोबर कॅनडातील हॅलिफॅक्सला गेल्या. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी शिकवणी आणि लेखन ह्यांवरच घर चालविले होते. हॅलिफॅक्सला त्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी खटपट केली आणि १८८७ साली तेथे कलाशाळा स्थापन करण्यात पुढाकार घेतला; त्या शाळेचे आज विद्यापीठ झाले आहे. नातवंडांच्या शिक्षणासाठी काही वर्षे जर्मनीत राहिल्या. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रिऑल येथे त्यांचे निधन झाले. वेल्समधील जन्माची कथा तोवर घरच्यांसही सत्य झाली होती.

लुई मात्र सयामला परत गेला. बालपणी ज्याच्याबरोबर बाकावर बसला तो चुलालोंगकोर्न आता राजा होता. त्याने लुईस आपल्या घोडदळात अधिकारी नेमले. पुढे तो सागवानाच्या धंद्यात शिरला, १९०५ साली स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि आईने शंभर डॉलरांवर जेथे पाच वर्षे काढली त्या देशात मोठी संपत्ती मिळविली. १९१९ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत तो वारला. डीसा येथे लग्न झालेल्या एलायझाच्या वंशाची हकीगतही चमत्कारिक आहे. तिचा नातू विल्यम प्रॅट लंडनमध्ये वाढला, आपले हिंदी रक्त त्यानेही कधी बोलून दाखविले नाही, आणि नाव बदलून तो अमेरिकेतील चित्रपटांत गेला. १९३१ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षस म्हणून सर्व जगाने ज्याचे भेसूर तोंड पाहिले तो बोरिस कार्लोफ हाच. त्याच्या आजीची धाकटी बहीण सयामच्या राजाची शिक्षिका होती.